पाच लाखांची रेघ: अमेरिकेतल्या छोट्या शहरांच्या संघटनेने थेट पैसे कसे मिळवले

२७ मार्च २०२० ला ट्रम्प यांनी कोविडच्या मदतीच्या केअर्स ॲक्टवर सही केली. कायदा २.२ लाख कोटी डॉलरचा, त्यातले १५० अब्ज राज्यं आणि स्थानिक संस्थांसाठी, वाचायला एकदम भारी. पण आत एक अट होती की केंद्राकडून थेट पैसे घ्यायचे तर स्थानिक संस्थेची लोकसंख्या पाच लाखांच्या वर हवी. अमेरिकेत एवढी मोठी शहरं तीन डझनच्या आसपास आणि एकूण शहरं-गावं १९ हजारांच्या वर, म्हणजे बाकी सगळ्यांनी आपापल्या राज्याच्या तोंडाकडे बघत बसायचं, राज्याला वाटलं तर देईल नाही वाटलं तर नाही. वर अजून एक खोच, हे पैसे फक्त कोविडमुळे झालेल्या जादा खर्चासाठी, बुडालेला कर भरून काढायला वापरायचे नाहीत.

आता गंमत बघा, शहरांचं दुखणं तर नेमकं तेच होतं. हॉटेलं बंद म्हणजे हॉटेल टॅक्स बंद, दुकानं बंद म्हणजे सेल्स टॅक्स बंद, ओहायोसारख्या राज्यात तर शहरं लोकांच्या पगारावरच्या करावर चालतात तिथे पगारच थांबले. आणि शहराला तूट दाखवून बजेट मांडता येत नाही, जवळपास सगळीकडे जमाखर्च जुळवायची कायदेशीर सक्ती आहे, त्यात अनेकांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं म्हणजे हातात तीन महिने. मग काय, माणसं कमी करा, रस्त्याचं काम पुढे ढकला, फायर ब्रिगेडची नवी गाडी रद्द करा. एप्रिल-मे २०२० मध्ये राज्य आणि स्थानिक सरकारांतून मिळून दहा लाखांच्या वर लोकांच्या नोकऱ्या गेल्या, त्यात शाळांमधले बरेच.

हे प्रकरण आहे नॅशनल लीग ऑफ सिटीजचं, पुढे नुसतं लीग म्हणतो. १९२४ मध्ये कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावात दहा राज्यांच्या नगर संघटना एकत्र आल्या आणि ही संस्था सुरू झाली, तेव्हा नाव अमेरिकन म्युनिसिपल असोसिएशन होतं. आज ४९ राज्यांच्या लीगा तिच्या सभासद आहेत. महापौरांची वेगळी संघटना आहे पण ती तीस हजारांच्या वरच्या शहरांची, काउंट्यांची, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या विभागांची, आणखी वेगळी. अगदी चारशे-पाचशे वस्तीच्या गावापासून लॉस एंजेलिसपर्यंत सगळ्यांना एका छताखाली घेणारी ही लीग, आणि तिची ताकदही तीच आणि डोकेदुखीही तीच.

बोर्ड कसं चालतं ते थोडक्यात. वर अध्यक्ष आणि दोन उपाध्यक्ष, सगळे निवडून आलेले महापौर नाहीतर नगरसेवक, एक वर्षाची मुदत, दुसरा उपाध्यक्ष पुढच्या वर्षी पहिला होतो आणि त्याच्या पुढच्या वर्षी अध्यक्ष. खाली संचालक, त्यात मोठ्या शहरांचे, छोट्या गावांचे आणि राज्य लीगांचे कार्यकारी संचालकही. काय मागायचं ते ठरवायला सात समित्या आहेत, अर्थ, वाहतूक, पाणी-पर्यावरण, सुरक्षा वगैरे, त्यांचे ठराव नोव्हेंबरच्या वार्षिक सभेत मताला येतात आणि मग मार्चमध्ये सगळे वॉशिंग्टनला जाऊन आपापल्या खासदारांना भेटतात. साधारण वर्षाचा हा रिदम. मार्च २०२० नंतर हा रिदम ठेवून भागणार नव्हतं, नोव्हेंबरपर्यंत थांबलो तर ठराव मांडायला माणसंच उरायची नाहीत.

आता या प्रकरणात मला सगळ्यात जास्त रस आहे तो इथे. २०२० चे अध्यक्ष होते जो बुस्काइनो, लॉस एंजेलिसचे नगरसेवक, आधी पोलिसात होते. म्हणजे ज्या शहराला केअर्स ॲक्टचे पैसे थेट मिळाले त्या शहराचा माणूस खुर्चीवर. त्यांना गप्प बसायला पूर्ण वाव होता, आपलं भागलं. आणि मोठ्या शहरांनी वेगळी चूल मांडणं हा अशा कुठल्याही संघटनेचा जुना रोग आहे, सरकारलाही तेच हवं असतं, दहा मोठे खूश केले की बाकीच्यांचा आवाज बसतो. लीगने उलट मागणीच अशी बांधली की तिच्यात लोकसंख्येची रेघ नको. मे २०२० मध्ये 'सिटीज आर इसेन्शियल' नावाची मोहीम काढली, म्हणजे शहरंही अत्यावश्यक आहेत, आणि मागणी ५०० अब्ज डॉलर, पण आकड्यापेक्षा त्याच्यापुढचे शब्द महत्त्वाचे होते: थेट, लवचिक, आणि प्रत्येक शहराला, आकार काहीही असो.

हे तीन शब्द साधे दिसतात पण प्रत्येकात एक भांडण दडलंय. 'थेट' म्हणजे राज्याला बाजूला ठेवून, आणि अमेरिकेत हे बोलणं सोपं नाही. त्यांच्या राज्यघटनेत शहर हा शब्दच नाही, १८६८ मध्ये आयोवाचे न्यायमूर्ती जॉन डिलन यांनी म्हटलं की शहरं ही राज्याची निर्मिती, राज्य देईल तेवढाच अधिकार, आणि तो डिलन रूल कितीतरी राज्यांत अजून चालतो. त्यात गव्हर्नरांची संघटनाही त्याच वेळी त्याच दारात उभी, तिला राज्यांसाठी पैसे हवेत. म्हणजे सोबत जायचं तर आहे पण त्यांच्या खिशातून आपल्याला मिळेल असं मात्र होऊ द्यायचं नाही. 'लवचिक' म्हणजे बुडालेला महसूल भरायलाही चालले पाहिजेत. आणि 'प्रत्येक शहराला' म्हणजे पाच लाखांची रेघ पुसा, तिच्या जागी पन्नास हजारांची नको आणि दहा हजारांचीही नको. या तिसऱ्या शब्दावर मोठ्या शहरांना थोडं सोडावं लागतं कारण वाटेकरी वाढतात, आणि बोर्डाचं खरं काम मला वाटतं इथेच होतं. ताकाला जाऊन भांडं लपवलं नाही हेही आवडलं, आम्हाला पैसेच हवेत असं सरळ सांगितलं, उगाच 'भागीदारी मजबूत करा' वगैरे गुळमुळीत काही नाही.

मागणीला आधी उदाहरणही होतं. निक्सन यांनी १९७२ मध्ये जनरल रेव्हेन्यू शेअरिंगचा कायदा केला होता, पाच वर्षांत ३० अब्ज डॉलर, त्यातला दोन तृतीयांश हिस्सा स्थानिक संस्थांना आणि फार अटी न घालता. तो कार्यक्रम १९८६ मध्ये संपला. म्हणजे केंद्राने गावाला थेट चेक देणं हे काही आकाशातून पडलेलं नव्हतं आणि ते करणारा अध्यक्ष रिपब्लिकन होता, हा मुद्दा पुढे फार कामाचा होता. का ते सांगतो.

२२ एप्रिल २०२० ला सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅककॉनेल एका रेडिओ मुलाखतीत म्हणाले की राज्यांना दिवाळखोरीचा रस्ता वापरू द्यावा, आणि त्यांच्या कार्यालयाच्या प्रेस नोटमध्ये शब्द आला 'ब्लू स्टेट बेलआउट', म्हणजे डेमोक्रॅट राज्यांनी उधळपट्टी केली त्याची भरपाई आम्ही का करायची. एका लेबलने सगळी चर्चा पक्षावर नेऊन ठेवली. मे महिन्यात हाऊसने, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाने, पुढच्या मदतीचा हीरोज ॲक्ट पास केला, २०८ विरुद्ध १९९, त्यात स्थानिक संस्थांना ३७५ अब्ज, अर्धे शहरांना अर्धे काउंट्यांना. सिनेटने त्याला हातही लावला नाही. घोडं तिथेच पेंड खात राहिलं.

मग लेबल पुसायचं कसं? बेलआउटच्या आरोपाला उत्तर म्हणून मोठ्या डेमोक्रॅट शहराचा महापौर टीव्हीवर आणला तर तो आरोपच पक्का होतो. उत्तर द्यायला पाहिजे रिपब्लिकन मतदारसंघातल्या छोट्या गावाचा महापौर, ज्याच्या गावात पोलीस चार आणि पाण्याची टाकी चाळीस वर्षांची. राज्य लीगांचा उपयोग इथे, कारण त्या महापौराचा फोन नंबर वॉशिंग्टनच्या ऑफिसात नसतो, राज्याच्या लीगमध्ये असतो. लीगचे सीईओ क्लॅरेन्स अँथनी स्वतः फ्लोरिडातल्या साउथ बे नावाच्या छोट्या गावाचे २४ वर्षं महापौर होते, त्यामुळे छोट्या गावाची भाषा त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि सोबत आकडा: शहरांचा महसूल २०२० ते २०२२ मध्ये ३६० अब्ज डॉलरने बुडेल असा लीगचा अंदाज. देशाचा आकडा मथळ्यापुरता असतो हे ज्याने कुठल्याही आमदार-खासदारासमोर फाईल ठेवलीय त्याला माहीत असेल, माणूस मान वर करतो ती त्याच्या मतदारसंघाचं नाव आलं की.

या आकड्याबद्दल मात्र थोडं खरं बोलू. तो अंदाज प्रत्यक्षात जास्त निघाला. प्रॉपर्टी टॅक्स फारसा पडला नाही, लोक ऑनलाईन खरेदी करत राहिले त्यामुळे सेल्स टॅक्सही बऱ्याच ठिकाणी लवकर सावरला, आणि पुढे टीकाकारांनी हे बरोबर पकडलं की गरजेपेक्षा जास्त पैसे वाटले. मे २०२० मध्ये बसून कुणालाच पुढचं दिसत नव्हतं हे कबूल, पण संघटनेचा आकडा हा मागणी करणाऱ्याचा आकडा असतो आणि तो वाचताना तेवढं ध्यानात ठेवलेलं बरं. लीगने तो जाणून फुगवला असं मी म्हणत नाही, एवढंच की चुकण्याची दिशा कुठली असणार हे आधीच माहीत होतं.

डिसेंबर २०२० ला परत आशा. दोन्ही पक्षांच्या काही सिनेटर्सनी मिळून ९०८ अब्जांचा प्रस्ताव आणला, त्यात राज्य-स्थानिकांसाठी १६० अब्ज. पण त्याच्यासोबत कंपन्यांना कोविडच्या खटल्यांपासून संरक्षण देणारं कलम बांधलेलं, ते रिपब्लिकनांना हवं आणि डेमोक्रॅटांना नको. १४ डिसेंबरला प्रस्तावाचे दोन तुकडे केले, भांडणाच्या दोन्ही गोष्टी एका तुकड्यात, बाकी सगळं दुसऱ्यात. बाकी सगळं पास झालं, २७ डिसेंबरला सही झाली आणि शहरांच्या तोंडाला पानं पुसली. हातात एवढंच पडलं की केअर्सचे पैसे खर्च करायची मुदत वर्षभराने वाढली, ती पण ज्यांना मिळाले होते त्यांना.

सात महिने मोहीम चालवून शून्य. इथे बऱ्याच संघटना मागणी खाली आणतात किंवा बोर्डात फाटाफूट होते. लीगमध्ये नोव्हेंबरात अध्यक्ष बदलले होते, आता होत्या कॅथी मॅनेस, साउथ कॅरोलायनातल्या लेक्सिंग्टनच्या नगरसेविका. गाव पंचवीस हजारांच्या आतलं, राज्य पक्कं रिपब्लिकन, आणि त्या स्वतःही पुढे २०२२ मध्ये राज्याच्या शिक्षण अधीक्षकपदासाठी रिपब्लिकन प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक, लढल्या. म्हणजे पैसे मिळालेल्या लॉस एंजेलिसकडून मोहीम न मिळालेल्या लेक्सिंग्टनकडे गेली आणि मागणीचे तीन शब्द मात्र तेच राहिले. हा क्रम कुणी ठरवून लावलेला नाही, पायरीपायरीने वर यायच्या पद्धतीमुळे आपोआप झालेला, पण 'ब्लू स्टेट बेलआउट'ला याच्यापेक्षा चांगलं उत्तर पैसे देऊनही मिळालं नसतं.

मग ५ जानेवारी २०२१ ला जॉर्जियात दोन्ही सिनेट जागा डेमोक्रॅटांनी जिंकल्या, सिनेट ५०-५० झालं, बरोबरी फोडणारं उपाध्यक्षांचं मत डेमोक्रॅटांकडे, आणि सगळा हिशोबच बदलला. १४ जानेवारीला बायडेन यांनी कोविड मदतीचा प्लॅन जाहीर केला, त्यात राज्य-स्थानिकांसाठी ३५० अब्ज. आता खरं सांगायचं तर दार जॉर्जियाच्या मतदारांनी उघडलं, लीगने नाही. पण दार उघडलं तेव्हा आत काय न्यायचं याचा कागद तयार होता, आठ महिने घासून घासून. महापौरांच्या संघटनेने चारशेच्या वर महापौरांच्या सह्यांचं पत्र दिलं, त्यात रिपब्लिकनही होते, फेब्रुवारीत दोन्ही पक्षांचे काही गव्हर्नर आणि महापौर व्हाइट हाऊसमध्ये बायडेन यांना भेटले. ६ मार्चला सिनेटमध्ये ५० विरुद्ध ४९, १० मार्चला हाऊसमध्ये २२० विरुद्ध २११, ११ मार्चला सही. रिपब्लिकन मत एकही नाही. गावोगावच्या रिपब्लिकन महापौरांनी मागितलं आणि त्यांच्या एकाही खासदाराने हात वर केला नाही, हे लीगचं अपयशच म्हणायचं, आणि त्याची किंमत दोन वर्षांनी कळली.

कायद्यात पडलं काय ते बघा. राज्यांना १९५.३ अब्ज, काउंट्यांना ६५.१ अब्ज आणि शहरांनाही बरोबर ६५.१ अब्ज. शहरांच्या वाट्यात मोठ्यांना साधारण ४५.६ अब्ज थेट ट्रेझरीकडून, म्हणजे केंद्राच्या अर्थ खात्याकडून, आणि पन्नास हजारांच्या आतल्यांना १९.५ अब्ज. बुडालेला महसूल भरून काढायला परवानगी, पाणी-सांडपाणी-ब्रॉडबँडच्या कामालाही. रेघ पुसली गेली, अगदी शंभर वस्तीच्या गावाचंही नाव यादीत.

छोट्यांचे पैसे राज्यामार्फतच गेले, कारण टाउनशिपही, म्हणजे काउंटीखालचे छोटे विभागही, धरून पंचवीस हजारांच्या वर गावांना ट्रेझरी एकेक चेक पाठवणार कसा. मग 'थेट' गेलं का? नाही, आणि माझ्या मते या कायद्यातली सगळ्यात हुशार जागा हीच. राज्याने पैसे आल्यावर ३० दिवसांत वाटायचे (मुदतवाढ मिळू शकत होती), लोकसंख्येच्या प्रमाणातच वाटायचे, स्वतःची एकही अट घालायची नाही, जुनं येणं बाकी असेल तर त्यातून कापायचंही नाही. राज्याला नळ केलं, टाकी नाही. केअर्समध्ये राज्य टाकी होती म्हणून तर पाणी सगळीकडे खाली आलं नव्हतं.

बातमी इथे संपते, लोक अभिनंदनाचे ट्वीट करतात. लीगांचं अर्धं काम इथून सुरू झालं.

समजा आठशे वस्तीचं गाव आहे. ऑफिसात क्लार्क एक, तीही अर्धवेळ, मंगळवार आणि गुरुवारी येते, पाण्याची बिलं तीच काढते, कुत्र्यांची लायसन्सं तीच देते. तिला कळतं की गावाला लाख-दीड लाख डॉलर मिळणार आहेत आणि गावाचं कायद्यातलं नवीन नाव आहे 'नॉन-एंटायटलमेंट युनिट', म्हणजे शब्दशः हक्क नसलेलं युनिट, हे नाव ठेवणाऱ्याला नमस्कार. तिने काय जमवायचं? नऊ आकडी डन्स नंबर, जो गावाने कधी काढलाच नाही कारण केंद्राचे पैसे कधी आलेच नाहीत. टॅक्सपेअर नंबर, बँकेचे तपशील, अधिकृत प्रतिनिधी कोण त्याची सही, अटी-शर्ती, नागरी हक्कांचं हमीपत्र. आणि २७ जानेवारी २०२० रोजी लागू असलेल्या बजेटचा एकूण आकडा, कारण गावाला त्या बजेटच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त मिळणार नाही, बजेट ८० हजारांचं असेल तर वाट्याला लाख आले तरी मिळणार ६० हजारच. आता २०२० चं बजेट काढून बघायला जावं तर ते आधीच्या क्लार्कच्या घरच्या कॉम्प्युटरवर.

नको म्हणायचीही सोय होती, एका फॉर्मवर सही केली की गावाचा वाटा राज्याला. काही गावांनी केलीही, भीती एकच, उद्या ऑडिट आलं आणि पैसे परत मागितले तर आणायचे कुठून. राज्य लीगांच्या लोकांनी याद्या घेऊन फोन केले, वेबिनार घेतले, नमुना फॉर्म भरून दाखवले. असल्या कामाचा फोटो येत नाही आणि वार्षिक अहवालात याला दोन ओळी मिळतात.

दुसरी लढाई नियमांची. मे २०२१ मध्ये ट्रेझरीने अंतरिम नियम काढले, त्यात बुडालेला महसूल मोजायचं एक सूत्र होतं: कोरोनाआधीच्या पूर्ण वर्षाचा महसूल घ्या, तो दरवर्षी ४.१ टक्के वाढला असता असं धरा किंवा तुमचा स्वतःचा वाढीचा दर जास्त असेल तर तो धरा, मग प्रत्यक्ष महसूल वजा करा, आणि हे चार वेगवेगळ्या तारखांना. मंगळवार-गुरुवारवाली क्लार्क हे करणार? स्थानिक संस्थांच्या संघटनांनी हरकतींमध्ये हेच सांगितलं, सोपं करा. ६ जानेवारी २०२२ च्या अंतिम नियमात पर्याय आला की एक कोटी डॉलरपर्यंतची रक्कम सूत्राशिवायच बुडालेला महसूल धरता येईल, गणित नको आणि पुरावा नको. छोट्या गावांचा तर सगळाच वाटा त्या मर्यादेत बसत होता, म्हणजे एका परिच्छेदाने पैसे खऱ्या अर्थाने लवचिक झाले: रस्ता करा, फायर ट्रक घ्या, टाकी दुरुस्त करा, फक्त पेन्शन फंडात टाकू नका आणि कर्जाचे हप्ते भरू नका. कायदा पास व्हायला ५० मतं लागली, या परिच्छेदाला एकही मत लागलं नाही, आणि गावाच्या दृष्टीने माझ्या मते मोठा फायदा याचाच झाला.

दोन वर्षांनी ती किंमत आली. २०२३ ला केंद्राने किती कर्ज काढायचं त्या कर्जमर्यादेचं भांडण पेटलं आणि रिपब्लिकनांनी न वापरलेला कोविड निधी परत घ्या म्हणून जोर लावला, ज्या कायद्याला त्यांचं एकही मत नव्हतं तो वाचवायची जबाबदारी त्यांना का वाटावी. लीग पुन्हा फोनवर. या वेळी मात्र हातात मागणी नव्हती, खोदलेले रस्ते होते, अर्धवट टाकलेल्या पाईपलाइनी होत्या आणि त्या रिपब्लिकन खासदारांच्याच मतदारसंघात होत्या. ३ जूनला सही झालेल्या कायद्यात बराच कोविड निधी परत गेला, हा निधी वाचला.

शेवटची डेडलाईन ३१ डिसेंबर २०२४ ची होती, तोपर्यंत पैसे बांधायचे, म्हणजे करार किंवा ऑर्डर झालेली हवी, प्रत्यक्ष खर्चाला २०२६ अखेरपर्यंत वेळ. तिथेही घोळ होताच, कौन्सिलने ठराव केला म्हणजे पैसे बांधले असं अनेकांना वाटत होतं, ठराव पुरत नाही, समोरच्या कंत्राटदाराची सही लागते आणि सहीखालची तारीख त्या डिसेंबरच्या आतली. नाहीतर रक्कम ट्रेझरीकडे परत.